पोथीतले जीव

४ फेब्रुवारी

पोथ्या आल्या. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा शेवटच्या कपाटावर पॉलिशचा हातही फिरला नव्हता आणि त्यावरून माझी सुताराशी जुंपली होती. या ग्रंथालयाच्या नुसत्या बैठकाच इतकी वर्षं चालल्या की आज खरोखर काही आलं यावर माझा विश्वास बसेना.

तिबेटी पोथी आपल्या पुस्तकासारखी उभी राहत नाही. हातभर लांब, वीतभरही रुंद नाही अशी सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, भोवती पिवळं किंवा लाल कापड आणि त्यावर आवळलेला पट्टा. ती आडवी निजते. त्यामुळे कपाटं खोल हवीत, कप्पे बुटके हवेत, आणि सगळ्यात खालचा कप्पाही बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा. सुतार म्हणाला, "बाई, याला कपाट नाही, कबुतरखाना म्हणतात."

गेशेजी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आले. गेशे ही त्यांची पदवी, महापंडित म्हणावं तशी. नाव विचारायचं धाडस इथे कुणाला झालेलं नाही. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर त्यांनी या पोथ्या गोळा केल्या. कुठल्या वारलेल्या भिक्षूच्या ट्रंकेतून, कुठल्या घरच्या माळ्यावरून. काही तर माणसांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून आल्या. आता त्या सगळ्या त्यांनी आमच्या संस्थेला दिल्या. बौद्ध विद्येचे शब्दकोश, छापील ग्रंथ, नियतकालिकं कुणीही विकत घेऊ शकतं. या पोथ्या आहेत म्हणून हे ग्रंथालय आहे.

एकही गाठोडं जमिनीला लागू नये म्हणून गेशेजी काठी टेकत शेवटपर्यंत उभे राहिले. हमालांनीही कुरकुर केली नाही, त्याचं मला नवल वाटलं.

पहिलं गाठोडं टेबलावर ठेवलं तेव्हा कापडाच्या घडीतून पिठासारखं काही सांडलं. जुनी धूळ असेल म्हणून मी फुंकर मारली.

७ फेब्रुवारी

धूळ नव्हे.

ग्रंथसंवर्धनाच्या बाई आल्या होत्या. जुन्या कागदांवर इलाज करतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणतात. त्यांनी ते पीठ काळ्या कागदावर घेतलं, भिंगातून पाहिलं, आणि मग एकेका पोथीची फळी उलटीपालटी केली. फळ्यांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. लाकडातून निघून थेट पानांत शिरलेली. एका चरित्राच्या पोथीत एकच बोगदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेला होता.

"भुंगेरे," त्या म्हणाल्या. "अळ्या आत आहेत. जिवंत आहेत आणि खातायत."

दालनाचं दार बंद करायला सांगितलं. फटींना चिकटपट्ट्या लावल्या. मध्ये एक भिंत आणि पलीकडे मुख्य वाचनालय, सगळ्या नव्या लाकडाचं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

उपाय सोपा आहे म्हणाल्या. गाठोडी प्लास्टिकमध्ये हवाबंद करायची आणि कडाक्याच्या थंडीत पंधरवडाभर ठेवायची. अळ्या, अंडी, सगळं मरतं. कागदाला इजा नाही, औषध नाही, वास नाही.

मी संध्याकाळी घरी नाचतच आले. हे म्हणाले, "पुस्तकातल्या किड्याला पुस्तकातले किडे भेटले म्हणायचे." हे शाळेत गणित शिकवतात आणि त्यांचे विनोदही शाळेतलेच असतात.

१० फेब्रुवारी

गेशेजींनी नाही म्हटलं.

मला वाटलं होतं, सांगणं ही केवळ रीत. दानपत्रात अट आहे, दात्याच्या संमतीवाचून ग्रंथांवर कुठलीही प्रक्रिया करायची नाही. मी चहा दिला, सगळं नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आतले जीव कुठे जातात?"

मी म्हटलं, "जात नाहीत. मरतात."

"मग नको."

मला हसूच आलं. अळ्यांबद्दल बोलतोय आपण, गेशेजी, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी एक फळी उचलून माझ्या कानाला लावली. आधी काहीच ऐकू येईना. मग अगदी बारीक कुरकुर ऐकू आली, कुणीतरी लांबवर खडीसाखर फोडत असावं तशी. मी फळी बाजूला केली.

"या सगळ्या पोथ्यांत फिरून फिरून एकच गोष्ट लिहिलेली आहे," ते म्हणाले, "की मारू नको. आता ते लिहिलेलं वाचवायला मारायचं?"

"नाही मारलं तर ते पोथी खाऊन टाकतील. मग ते वाचायलाही उरणार नाही."

"खातात खरे. पण पान सोडत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे."

त्यांचा उपाय असा: फळ्या काढून टाका, एकेक पान उघडा, ब्रशने अळी उचला, लाकडाच्या तुकड्यावर ठेवा आणि ते लाकूड बाहेर झाडाखाली नेऊन टाका. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, होतं तसंही. पण महिनोन्महिने लागतात, आणि तोवर दालन सीलबंद ठेवावं लागतं.

१५ फेब्रुवारी

संचालकांना भेटले. उद्घाटन मे महिन्यात ठरलंय, पाहुण्यांना कळवून झालंय, महिनोन्महिने वगैरे शब्द त्यांना ऐकायचेच नाहीत. माणसं देणार नाहीत. वर म्हणाले, "कीड मुख्य वाचनालयात शिरली तर तो संग्रह मी या इमारतीत एक दिवस ठेवणार नाही. गोदामात जाईल." गोदामाचं छप्पर गळतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत आहे.

इकडे आड, तिकडे विहीर. गेशेजींना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तितक्याच मायेने नाही म्हटलं. मला त्यांच्या मायेचाच राग येऊ लागला आहे. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

३ मार्च

मुख्य वाचनालयाच्या दाराशी, नव्या शेल्फच्या पायाशी पीठ सांडलेलं. चिमूटभर. झाडणारीने दाखवलं. मी ते स्वतः पुसलं आणि तिला म्हटलं, सुताराचा भुसा असेल. भुसा नव्हता.

मग संचालकांना सांगावंच लागलं. महिनाअखेरची मुदत दिली. सोय करा, नाहीतर गोदाम.

दिवसभर दालनात बसून होते. आता मला फळी कानाला लावावी लागत नाही. नुसतं बसलं तरी कुरकुर ऐकू येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, शक्य नाही, तो भास आहे. असेल.

९ मार्च

गेशेजी रुग्णालयात आहेत. न्यूमोनिया. त्यांच्या पुतणीचा फोन आला. ती त्याच रुग्णालयात परिचारिका आहे, त्यांना हवं-नको तीच बघते. आवाजात घाबरलेपण नव्हतं, पण "काकांचं वय झालंय" हे वाक्य तिने दोनदा म्हटलं.

११ मार्च

भेटून आले. नाकाला प्राणवायूची नळी, डोळे मिटलेले. मी हात धरला तर डोळे उघडले. "पोथ्या बऱ्या आहेत ना?"

मी म्हटलं, "आहेत."

त्यांनी हात सोडला नाही. पुतणी म्हणाली, ताई, तुम्ही आलात की त्यांना बरं वाटतं.

जिना उतरताना जो विचार मनात आला तो लिहिते, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. गेशेजी आणखी दोन आठवडे तरी बाहेर येत नाहीत, असा विचार होता तो.

१४ मार्च

ठरवलं. मासळीच्या शीतगृहाचा मालक डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा. तेवढी थंडी गावात दुसरीकडे कुठेच नाही. जागा मात्र निम्म्या गाठोड्यांपुरती. निम्मी आता, निम्मी नंतर; संचालकांनी तेवढ्यावर मुदत वाढवून दिली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गेशेजींची संमती मिळाली ना?"

"मिळाली," मी म्हटलं. किती सहज आलं तोंडातून.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ग्रंथपालाने ग्रंथ राखायचे असतात. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याच्या उजेडात बसून लिहिलेलं पान एका अळीच्या पोटात जाऊ देणं यात कसली करुणा? आणि त्यांना कळलंच नाही तर त्यांना त्रास तरी कसला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

१६ मार्च

दक्षिणेकडच्या कपाटांतली गाठोडी गेली. प्लास्टिकमध्ये आवळलेली पिवळी-लाल कापडं, आणि आजूबाजूला बर्फातल्या मासळीच्या पेट्या. शीतगृहातल्या माणसाने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, धर्मग्रंथ. त्याने कानाला लावलेली विडी काढून खिशात ठेवली आणि गाठोडी मासळीपासून लांब, वरच्या फळीवर रचली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यांना सांगितलं. मला वाटलं, हे म्हणतील, बरं केलंस. यांनी कपबशी खाली ठेवली. "मारलंस ते एक वेळ समजू शकतो. लपवणार आहेस, ते कशाला?"

"त्यांची तब्येत पाहिलीत का?"

"तब्येत त्यांची. लपवायचंय तुला."

मी उठून भांडी घासायला लागले. गणिताच्या माणसाला आयुष्य म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेलं समीकरण वाटतं.

४ एप्रिल

गाठोडी परत आली. प्लास्टिकवरचं दव सुकेपर्यंत तशीच ठेवली, मग उघडली. डॉक्टरीणबाईंनी तपासली. पूर्ण यश. नवं पीठ नाही, पानांना सुरकुती नाही. मी सगळी पुन्हा कापडात बांधली आणि जागच्या जागी लावली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

गेशेजींना उद्या घरी सोडणार. दोन्हीकडून चांगली बातमी.

१० एप्रिल

गेशेजी आले. वाळलेत फार, पण हट्टाने जिना चढले. पुतणी सोबत होती.

दालनात बराच वेळ होते. दक्षिणेकडच्या कपाटातलं एक गाठोडं मागितलं. पट्ट्याच्या गाठीवरून बोट फिरवलं, गाठ सोडली, आणि त्यांच्या त्या आतून वळवलेल्या पद्धतीने पुन्हा बांधली. मग दुसरं. मग तिसरं. सगळी दुपार गाठी सोडणं आणि बांधणं. मध्येच एखादी फळी कानाला लावत आणि डोळे मिटून बसत. मला वाटलं, झोपच लागली. म्हातारपणी माणूस कशात रमेल सांगता येत नाही. नंतर उत्तरेकडच्या कपाटांशी गेले, तिथलीही एक फळी कानाला लावली. तिथे जरा हसले.

निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी कधी ठेवला नव्हता. पुतणीला म्हणाले, "ही पोरगी दमलीय."

त्यांना काही कळलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

१८ एप्रिल

आज ग्रंथालय समितीची बैठक झाली.

गेशेजी बैठकीला कधी येत नाहीत. आज आले. मला कुणी कळवलंच नव्हतं. आणि डॉक्टरीणबाईंचा अहवाल. मी बाईंना काही सांगून ठेवलं नव्हतं, सांगणार तरी काय? त्यांनी सरळ वाचून दाखवलं: निम्म्या संग्रहावर शीतप्रक्रिया पूर्ण, कीड शंभर टक्के मेलेली, उरलेला संग्रह पुढल्या महिन्यात.

समितीच्या अध्यक्षा वकील आहेत. त्यांनी चष्मा काढला. "दानपत्रात संमतीची अट आहे. ती घेतली होती का?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. सगळेच पाहू लागले. अट मोडली म्हणजे दान रद्द, पोथ्या परत, ग्रंथालय बंद, आणि मी घरी.

तेवढ्यात गेशेजी म्हणाले, "मीच सांगितलं होतं. आजारी होतो तेव्हा. ही भेटायला आली होती, तिला मी म्हटलं, थंडीत ठेव."

अध्यक्षांनी मान हलवली, पुढचा विषय घेतला. पाहुण्यांच्या खुर्च्या.

मी घरी येईपर्यंत विचार करत होते. ताप होता त्यांना, नळी होती नाकाला. मी बसले होते, हात धरला होता. त्या ग्लानीत त्यांना वाटलं असणार, मी विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं. आजारातल्या आठवणी अशाच असतात. माझी आई तापात मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. नशीब म्हणायचं. यांना सांगितलं. हे वह्या तपासत राहिले.

२४ एप्रिल

गेशेजींचं काहीतरी बिघडलंय. रोज येतात, पण खिडकीपाशी त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसत नाहीत. दाराशी झाडणारी डबा ठेवते त्या स्टुलावर बसतात. आम्हा कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एकदा लिपी शिकवायचे, ते बंद केलं. म्हणाले, सध्या मी शिकवायच्या जागी नाही. पोथी स्वतः उघडत नाहीत, मला उघडायला लावतात. मी विचारलं, गुडघे दुखतात का? म्हणाले, तेही दुखतात.

उत्तरेकडच्या गाठोड्यांसाठी शीतगृहाची तारीख घ्यायची राहिली आहे. डॉक्टरीणबाई रोज विचारतात. मी उद्या करते म्हणते.

२९ एप्रिल

पुतणी एकटीच भेटायला आली. आधी इकडचं-तिकडचं बोलली. मग विचारलं, माझ्याकडे गाडी आहे का. पलीकडच्या गावात एक भिक्षू राहतात. काकांना त्यांच्याकडे जायचंय, तिला रजा नाही, बसमध्ये ते चढू शकत नाहीत.

मी म्हटलं, नेईन की. कसलं काम आहे?

ती म्हणाली, "त्यांना कबुली द्यायचीय. भिक्षू जाणूनबुजून खोटं बोलला तर व्रत मोडतं. दुसऱ्या भिक्षूसमोर सांगेपर्यंत त्यांना चैन पडत नाही."

"गेशेजी कशाला खोटं बोलतील?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, एखाद्या रुग्णाला त्याचा आजार माहीतच नसावा तशी.

मी घाईघाईने म्हटलं, अहो, ते तापात होते, त्यांना वाटलं असेल...

"ताई, त्या दिवशी नळी होती नाकाला, पण मी शेजारीच होते. काकांना शुद्ध होती. त्यांना पोथ्याच्या पोथ्या पाठ आहेत अजून. बरे होऊन इथे आले ना, त्याच दिवशी घरी जाऊन त्यांनी त्या जिवांसाठी पाठ सुरू केला. गाठी वेगळ्या होत्या म्हणाले."

ती गेल्यावर मी दालनात जाऊन बसले. दक्षिणेकडची सगळी कपाटं, आणि त्यातली प्रत्येक गाठ त्यांच्या हातची. आज काही ऐकू येत नव्हतं.

२ मे

गाडीतून त्यांना नेलं. पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावताना हसले. मला वाटलं होतं, वाटेत मीच बोलेन. शेवटी एका पेट्रोलपंपाशी गाडी बाजूला घेतली आणि रडायला लागले. माझ्यासारखी बाई, या वयात, पेट्रोलपंपावर.

मी म्हटलं, "माझं पाप तुम्ही स्वतःवर घेतलंत."

ते म्हणाले, "नाही घेतलं. घेता आलं असतं तर घेतलं असतं. तसं होत नाही. तू मारलंस, ते तुझं. मी खोटं बोललो, ते माझं."

"मग कशाला बोललात?"

पंपावरचा माणूस पेट्रोल हवंय का विचारून गेला.

"तुझा चेहरा बघवेना," ते म्हणाले. "आणि पोथ्या गेल्या असत्या. त्याचीही भीती वाटली. म्हणजे नुसती दयाच होती असंही नाही. तेही सांगायचंय तिथे."

तो भिक्षू त्यांच्याहून कितीतरी तरुण निघाला. चष्मा, पायात प्लास्टिकच्या चपला. दार उघडंच होतं. गेशेजी, ज्यांच्यासमोर परदेशी प्राध्यापक ताठ बसायचे, ते काठी भिंतीला टेकवून त्या तरुणासमोर उकिडवे बसले, दुखऱ्या गुडघ्यांवर, हात जोडून. काय बोलले ते मला कळलं नाही. फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. दोघं उठले आणि तो तरुण चहा करायला गेला.

परतताना ते गुणगुणत होते. गावात शिरलो तेव्हा मीच विचारलं, मी काय करू?

"मला नको विचारू. मी तुझ्या बाजूने एकदा बोललो, त्याचं काय झालं ते बघितलंस."

३ मे

यांना सगळं सांगितलं. पुन्हा. या वेळी पहिल्यापासून. हे म्हणाले, "समितीला कधी सांगतेस?" मी म्हटलं, सांगितलं तर गेशेजी सगळ्यांसमोर खोटे ठरतील. हे म्हणाले, "त्यांनी ते कबूल केलंय. लपून बसलीयेस ती तू."

भांडी आज यांनी घासली.

५ मे

आधी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. सगळ्यात अवघड तेच होतं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली होती. ऐकून घेतलं, सामान आवरलं, निघून गेल्या. फोन उचलत नाहीत.

संचालकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "हे मी ऐकलं नाही," म्हणाले. "उद्घाटन तोंडावर आहे. पोथ्या वाचल्या, म्हातारा खूश, मिटलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हटलं, समितीसमोर बोलायचंय. ते म्हणाले, मग ग्रंथपाल म्हणून ते तुमचं शेवटचं बोलणं असेल.

घरी येऊन समितीसमोर काय बोलायचं ते लिहून काढलं.

८ मे

सांगितलं. उभं राहून. गेशेजींनी संमती दिली नव्हती, दोनदा विचारल्यावर दोन्हीदा नाही म्हटलं होतं, डॉक्टरीणबाईंना मी फसवलं, त्यांचा दोष नाही. एवढंच. पाठ करून गेले होते ते बाकीचं सगळं विसरले.

अध्यक्षा गेशेजींकडे वळल्या. फार अवघडून विचारलं, म्हणजे आपण मागच्या बैठकीत...?

"खोटं बोललो," गेशेजी म्हणाले, चहा घेतला का विचारल्यावर हो म्हणावं तितक्या सरळपणे.

संचालकांनी समोरची फाईल मिटली.

अध्यक्षा म्हणाल्या, अट मोडली आहे, दान मागे घ्यायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. गेशेजींनी विचार करायला वेळ घेतला. खरोखरच घेतला. मला वाटलं, गेलं सगळं, आणि जावं हेच बरोबर आहे.

मग ते म्हणाले, पोथ्या इथेच राहू द्या. उरलेल्या निम्म्या हाताने साफ व्हायच्या, कितीही वेळ लागो. आणि ते काम हिने करायचं.

संचालक म्हणाले, यांना आम्ही पदावरून काढतो आहोत. गेशेजी म्हणाले, पद तुमचं आहे, तुम्ही घ्या. मी हात मागतोय.

ग्रंथपालाचा कार्यभार नियतकालिकं सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे गेला. मला 'सहायक, संवर्धन' केलं आहे. खुर्ची बदलली. किल्ल्या देऊन टाकल्या.

२१ मे

उद्घाटन झालं. मी मागच्या रांगेत होते. बरं भाषण झालं. नव्या ग्रंथपालाने कपाटांची रचना समजावून सांगितली, ती मी केलेली होती. वाईट वाटलं. वाटणार नाही असं समजत होते. पोथ्यांच्या दालनाला मात्र अजून सील आहे. पाहुण्यांनी काचेतून पाहिलं.

घरी येताना हे म्हणाले, चल, चालत जाऊ. गेलो.

२६ मे

सकाळी दालनात गेले तर डॉक्टरीणबाई आधीच आलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी पोथ्यांसाठी आलेय, तुमच्यासाठी नाही." टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. लाकडाचा एक तुकडा वाटीत ठेवला. पुतणी गेशेजींना सोडून गेली. ते या वेळी खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले.

उत्तरेकडचं पहिलं गाठोडं. फळ्या काढून बाजूला ठेवल्या. पहिलं पान, दुसरं. पीठ, भोकं. कितव्या तरी पानाखाली बोगद्याच्या तोंडाशी काहीतरी हललं.

फेब्रुवारीपासून मी यांच्याशी भांडतेय, यांच्यापायी खोटं बोलले, पद घालवलं, आणि यातली एक आज पहिल्यांदा पाहिली. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, वाकडी. ब्रशचा केस लागला तशी तिने अंग आक्रसून घेतलं. माझा हात जागीच थांबला. दक्षिणेकडच्या कपाटांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान तिकडे वळलीच.

मला वाटलं, गेशेजी आता काहीतरी म्हणतील. जीव, करुणा, काहीतरी. ते खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "हळू. त्या ओळीत लेखकाचं नाव आहे."

मी श्वास रोखून अळी ब्रशवर घेतली आणि वाटीतल्या लाकडावर ठेवली. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग तिने लाकडात तोंड खुपसलं. पान शाबूत होतं, नावही.

दिवसभरात एक गाठोडंही पूर्ण झालं नाही.